शिट्टी आधी, सीन नंतर

एका मुलीनं विचारलंय: ‘‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ परवा पहिल्यांदाच पाहिला, मोबाइलवर, दोन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी. गाणी छान आहेत. पण एका थिएटरात तीस वर्षं चालावा असं त्यात काय आहे, ते काही कळलं नाही. हीरो तर सुरुवातीला चक्क छळतो. तुमच्या पिढीला जुन्या आठवणींसाठी आवडतो, की पिक्चरमध्येच काही आहे?’

पिक्चरमध्येच आहे. पण ते दाखवायला मला जरा लांबून यावं लागेल.

मी समीक्षक नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकपडदा थिएटरात माझी एकोणतीस वर्षं गेली. त्यातली पहिली सोळा वर्षं केबिनमध्ये ऑपरेटर म्हणून, पुढची खाली मॅनेजरच्या खुर्चीत. ऑपरेटर पिक्चर बघतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. समोर वीतभर काचेची खिडकी, शेजारी फरफरणारं मशीन आणि आत उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या दोन कांड्या. त्या दोन कांड्यांमधलं अंतर सतत हातानं सारखं करत राहायचं, नाहीतर पडदा पिवळा पडतो आणि खालून शिव्या येतात. पिक्चर अर्धाच दिसतो. पब्लिक मात्र पूर्ण ऐकू येतं. कुठं खोकला सुरू झाला, कुठं खुर्च्या करकरल्या, कुठं सगळं चिडीचूप झालं, हे सगळं केबिनपर्यंत पोचतं. पिक्चर चालणार की पडणार, हे मला पहिल्या खेळाच्या मध्यंतरापर्यंत कानानं कळायचं. मालकांना ते सोमवारी कलेक्शनवरून कळायचं.

‘दिलवाले’ मुंबईत लागला 20 ऑक्टोबर 1995 ला, शुक्रवारी, दिवाळीच्या तोंडावर. आमच्यासारख्या सेंटरला प्रिंट यायला 1996 चा उन्हाळा उजाडला, ऐन लग्नसराई. तोवर गाणी पानटपरीपासून रसवंतीपर्यंत सगळीकडं वाजून वाजून कॅसेटी घासल्या होत्या. गावात नावाचाही घोळ झाला. अजय देवगणचा ‘दिलवाले’ 1994 साली येऊन गेला होता, त्यामुळं आमच्याकडं याला ‘दुल्हनिया’ म्हणायचे. ‘दुल्हनियाची दोन द्या, बाल्कनी.’

पिक्चर 189 मिनिटांचा. पस्तीस एमएमची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते, म्हणजे हा सतरा हजार फुटांचा माल, सव्वापाच किलोमीटरच्या आसपास. एवढ्या लांबीचे दिवसाला तीन खेळ आणि बाजाराच्या दिवशी चौथा बसवायचा म्हणजे घाम फुटायचा. शेवटचा खेळ सुटायला रात्रीचा एक वाजायचा. आमच्या गावात तिसरा आठवडा लागला तरी मालक पेढे वाटायचे. हा सात आठवडे चालला. पुढं पुन्हा दोनदा लावला ते वेगळंच. म्हणजे माझ्या हातून दीडशेच्या वर खेळ झाले.

आता मुद्द्याचं. पहिल्या आठवड्यात शिट्ट्या सीननंतर यायच्या. लंडनच्या स्टेशनावर सिमरन (काजोल) निघालीय, राज (शाहरुख खान) तिच्या पाठीकडं बघतोय आणि मनाशी म्हणतोय की हिचं माझ्यावर प्रेम असेल तर ही वळून बघेल. पलट. पलट. ती वळते, मग शिट्टी. साधा हिशेब. दुसऱ्या आठवड्यात शिट्टी तिच्या वळण्याच्या आधी यायला लागली. तिसऱ्या आठवड्यात तर तो ‘पलट’ म्हणायच्याही आधी, ती चालायला लागली की लगेच. माझ्या अनुभवात हा फरक फार मोठा आहे. मारधाडीच्या पिक्चरमध्ये पब्लिक सीन पाहून ओरडतं आणि दुसऱ्यांदा आलं तर थोडं कमी ओरडतं. इथं दुसऱ्यांदा आलेला माणूस जास्त ओरडत होता. आणि तो काय होणार म्हणून नव्हे, कधी होणार म्हणून बसला होता.

त्याच प्रिंटची एक गंमत सांगतो. आमच्याकडं यायच्या आधी ती प्रिंट तीन-चार गावं फिरून आली होती. रिळांच्या सुरुवाती-शेवटाला पावसाच्या रेषा, आणि कुठंतरी कुणा ऑपरेटरनं तुटलेली फिल्म जोडताना हात सैल सोडलेला. ‘पलट’च्या जागी नेमका एक बेकार जोड होता. पाचव्या आठवड्यात तो माझ्या मशीनमध्ये सुटला. दिवे लावले, फिल्म सोडवली, खराब झालेला तुकडा कापला, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडली, दोन-तीन मिनिटांत पुन्हा चालू. पण त्यात चार-पाच सेकंद गेले. दुसऱ्या दिवशीच्या खेळात राजचा पहिला ‘पलट’ आला आणि एकदम उडी मारून सिमरनचा वळलेला चेहरा. मधले शब्द गायब. मी केबिनमध्ये डोळे मिटून शिव्यांची वाट बघतोय. तर खालून, बाल्कनीतून, स्टॉलमधून, दोन-तीनशे लोकांनी मिळून ते गेलेले शब्द म्हटले. बरोबर त्याच चालीत. पुढचे दोन आठवडे त्या जागी पब्लिकच बोललं आणि कुणाचीही तक्रार आली नाही. आमचा डोअरकीपर म्हणाला, ‘साहेब, आता चांगली प्रिंट आली तर लोक भांडतील.’

हे असं का होतं, याचा मी नंतर बराच विचार केला. कारण प्रेमकथा आम्ही खंडीभर लावल्या. त्यांतल्या कित्येकांची गाणी याच्याइतकीच चांगली होती, काहींची याहून चांगली. मला वाटतं, आदित्य चोप्रानं हा पिक्चर बेतलाच आहे वाट बघायला लावण्यासाठी. चोवीस वर्षांचा पोरगा, पहिलाच पिक्चर, पण बांधणी एखाद्या मुरलेल्या कीर्तनकारासारखी. पूर्वरंगात जे जे टाकलं, ते ते उत्तररंगात परत उचललं. लंडनच्या चौकात सिमरनचा बाप (अमरीश पुरी) कबुतरांना दाणे टाकतो, तोच बाप पंजाबात पहाटे दाणे टाकतो आणि शेजारी राज येऊन उभा राहतो. स्वित्झर्लंडमधली गाईची घंटा पंजाबच्या शेतात वाजते. ‘घर आजा परदेसी’ सुरुवातीला लंडनच्या थंडीत हुरहुर लावतं आणि घरचे पंजाबात उतरतात तेव्हा तेच परत येतं. पहिल्या गाडीत राज हात देऊन सिमरनला वर ओढतो, शेवटच्या गाडीतही तेच. पहिल्यांदा बघणाऱ्याला यातलं निम्मं जाणवत नाही. ते दुसऱ्या वेळेचं देणं आहे.

यातली सगळ्यांत मोठी परतफेड लोकांच्या नजरेतून सुटते, म्हणून ती जरा सावकाश सांगतो. सिमरन बापाकडं काय मागते? लग्न मोडा म्हणत नाही. कुणावर प्रेम आहे असंही नाही, तेव्हा कुणी नसतंच. न पाहिलेल्या मुलाशी लग्न करायला ती तयार आहे. त्याआधी मैत्रिणींबरोबर युरोप बघायला एक महिना द्या, एवढंच तिचं मागणं. मागते कशी, तर माझ्याच आयुष्यातला एक महिना मला द्या, अशा शब्दांत. बाप देतो. म्हणजे तिचं आयुष्य बापाच्या तिजोरीत आहे आणि त्यातला एक महिना तिला उसना मिळालाय, हे पिक्चरनं पहिल्या अर्ध्या तासातच सांगून टाकलं. आता शेवटची गाडी आठवा. अमरीश पुरी तिचं मनगट सोडतो आणि म्हणतो, जा, जगून घे आपलं आयुष्य. ‘जी ले अपनी जिंदगी’ हे वाक्य आता टी-शर्टवर आणि रिक्षाच्या मागं सापडतं, त्यामुळं त्याची धार गेलीय. पण त्या महिन्याच्या हिशेबात ते ठेवून बघा. महिन्याच्या बोलीवर जे दिलं होतं ते तो कायमचं देऊन टाकतोय. तिजोरीची किल्लीच देतोय. आमच्याकडं बायका त्या वाक्याला रडायच्या नाहीत, हेही मी कानानं टिपलंय. त्या मनगट सुटतं त्या क्षणाला रडायच्या. वाक्य त्यानंतर येतं.

तुम्ही फोनवर तुकड्या-तुकड्यांनी पाहिलात, म्हणजे महिना एका दिवशी मागितला आणि मनगट दुसऱ्या दिवशी सुटलं. मधला धागा तुटणारच. तुमचा दोष नाही. आम्हीही खराब जोड असलेली प्रिंट दाखवायचोच की.

गाण्यांकडं येतो. गाणी चांगली आहेत हे तुम्ही म्हटलंच आहे, पण चांगली असणं वेगळं आणि पिक्चरमध्ये कामाला येणं वेगळं. आमच्या कॅन्टीनवाल्याचा गल्ला हे याचं माप. थिएटरच्या कॅन्टीनचा धंदा मध्यंतरात होतो तसा गाण्यांतही होतो. गाणं लागलं की स्टॉलमधली निम्मी माणसं बिडीकाडीला, चहाला बाहेर. कित्येक पिक्चरचं तिसरं-चौथं गाणं आम्ही ‘मुतारीचं गाणं’ म्हणूनच ओळखायचो, माफ करा पण शब्द तोच आहे. ‘दुल्हनिया’च्या दुसऱ्या आठवड्यात कॅन्टीनवाला माझ्याकडं तक्रार घेऊन आला. म्हणाला, ‘भाऊ, सात गाणी आहेत, आणि एकात कोणी बाहेर येईना. याच्यापेक्षा बिनगाण्याचा लावा.’

कारण गाण्यात बाहेर गेलात तर गोष्ट चुकते. सुरुवातीचंच ‘मेरे ख्वाबों में जो आए’ घ्या. सिमरन घरात बागडतेय, पावसात भिजतेय, न पाहिलेल्या मुलाला हाक मारतेय. आणि मधेमधे तो न पाहिलेला मुलगा आपल्याला दिसतोय, लंडनभर उंडारताना. तिला दिसत नाही, आपल्याला दिसतो. दोघांची ओळख करून दिली, ते भेटणार हे कबूल केलं, आणि भेट मात्र ठेवली पुढं. म्हणजे वाट बघणं इथूनच सुरू.

याच गाण्यातल्या आवाजाचं एक सांगायचं राहू नये. लता मंगेशकर तेव्हा पासष्टीच्या पुढं, काजोल एकवीस वर्षांची. पोरं केबिनमध्ये येऊन विचारायची, आजीचा आवाज नातीला कसा काय? मी म्हणायचो, याच आवाजानं हिच्या मावशीला गायलंय. ‘बंदिनी’तलं नूतनचं ‘मोरा गोरा अंग लई ले’ 1963 चं. काजोल म्हणजे नूतनच्या बहिणीची, तनुजाची मुलगी, शोभना समर्थांची नात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांना ती पडद्यावर आली की आपल्यातलीच कुणाची पोर आल्यासारखी वाटायची. त्या बाया पंजाबी लग्न बघायला आल्या नव्हत्या, शोभनाबाईंची नात बघायला आल्या होत्या. लताबाईंचा आवाज त्या वयात वरच्या पट्टीत थोडा बारीक होतो, खोटं कशाला बोलू. पण त्या बारीकपणामुळंच सिमरन जरा घाबरट, घरात वाढलेली मुलगी वाटते. तीच मुलगी परदेशात दारू पिऊन धिंगाणा घालते तेव्हा मात्र आवाज आशाबाईंचा, ‘जरा सा झूम लूं मैं’. घरातल्या सिमरनला एक बहीण, सुटलेल्या सिमरनला दुसरी. संगीतकार जतीन-ललितनी हे ठरवून केलं की जमून गेलं, मला सांगता येणार नाही, पण थिएटरात ते बरोबर बसायचं.

आणि ‘तुझे देखा तो’. हे गाणं येईपर्यंत अर्ध्याहून जास्त रिळं झालेली असतात. तोवर दोघांनी एकमेकांना प्रेमाचा शब्द समोरासमोर दिलेला नाही. ताटातूट झालीय, लंडनचं घर बंद झालंय, पंजाबात लग्नाची तयारी चाललीय. पहाटे सिमरनला मेंडोलिन ऐकू येतं. ती घराबाहेर पळत सुटते. पिवळंधमक मोहरीचं शेत, आणि त्यात तो उभा. गाण्याचा पहिला शब्द येण्याआधी हा जो वेळ जातो, तो माझ्या मते पिक्चरमधला सगळ्यांत धीट वेळ आहे. दुसरा कुणी असता तर तिनं त्याला बघितल्याबरोबर ढोल वाजवले असते. इथं ती पळते, थांबते, आणि एक साधं वाद्य. मग तो हात पसरतो. त्या पसरलेल्या हातांची पुढं इतकी नक्कल झाली की लग्नाच्या फोटोवाल्यांनीही ती पोझ सोडली नाही. पण तेव्हा, त्या अंधारात, आमच्याकडं त्या ठिकाणी शिट्टीसुद्धा नसायची. सातशे खुर्च्यांचं थिएटर, बाजाराचा दिवस, स्टॉलमध्ये अर्धे लोक पायात माती घेऊन आलेले. त्यांनी पीक बघितलं. खरंच सांगतो, एकजण खेळ सुटल्यावर विचारत होता, हे कुठलं बियाणं? मोहरी एवढी दाट आमच्याकडं कुणी पेरत नाही. ते शेत गुडगावकडचं होतं असं पुढं वाचलं. तिथं आता इमारती आहेत म्हणतात.

एक धंद्यातली गोष्ट. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्याला झडप बदलायची. पब्लिकला कळता कामा नये. ठिपक्याकडं बघायचं म्हणजे चेहऱ्याकडं बघायचं नाही, हे ऑपरेटरचं पहिलं शिक्षण. सोळा वर्षांत माझे चेंज-ओव्हर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके चुकले. त्यातले दोन या पिक्चरचे, आणि दोन्ही ‘मेहंदी लगा के रखना’च्या आसपास, कारण मी काजोलकडं बघत होतो. आधीपासून ठरलेल्या लग्नाच्या मेंदीत जो नाचतोय, तोच आपला नवरा व्हावा असं जिला वाटतंय, ती मुलगी हसतेय आणि त्याच वेळी भेदरलेलीही आहे. खुशीच्या गाण्यात एवढी धास्ती मी क्वचित पाहिली. पुढं हे गाणं प्रत्येक वरातीत बँडवाल्यांनी वाजवलं. आमच्याकडच्या लग्नांत पूर्वी हळद आणि चुडा एवढंच असायचं, मेंदीचा वेगळा कार्यक्रम नसायचा. तो आला तो या आणि ‘हम आपके हैं कौन’ च्या मागोमाग. करवा चौथ म्हणजे काय हेही आमच्या वटपौर्णिमावाल्या गावाला याच पिक्चरनं शिकवलं. चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा.

त्या साली संगीताचं फिल्मफेअर मात्र याला मिळालं नाही, ते ‘रंगीला’साठी रेहमानला गेलं. बाकी दहा पारितोषिकं ‘दिलवाले’नं नेली. निकाल मला पटतो. नुसतं संगीत म्हणून ‘रंगीला’ पुढचं होतंच. ‘दिलवाले’ची गाणी पिक्चरमधून उचलून बाजूला ठेवली तर थोडी फिकी पडतात, आणि पिक्चर त्यांच्याविना उभाच राहत नाही.

आता तुमची तक्रार. हीरो छळतो. खरं आहे. गाडीत अंगचटीला येणं, आणि त्या हॉटेलातल्या सकाळी, रात्री आपल्यात काहीतरी घडलं अशी तिला भीती घालून मग आपण किती सभ्य ते सांगणं. तो प्रसंग आज माझ्यानंही बसून बघवत नाही. 1996 मध्ये पुरुष हसायचे. बायकांच्या बाजूला हसू नसायचं, हेही केबिनमधून ऐकू यायचं. पण तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. मंदिरा बेदीच्या वाट्याला आलेल्या त्या प्रीतीवर, सिमरनच्या ठरलेल्या नवऱ्याच्या बहिणीवर, तर उघड अन्याय आहे. राजनं तिचा वापर करून घेतला आणि सोडून दिलं. आणि सिमरनचा निर्णय सगळे घेतात, बाप, आई, राज, फक्त सिमरन सोडून. हे आक्षेप मी मान्य करतो, वर त्यात माझी भर टाकतो: परमीत सेठीचा कुलजीत, म्हणजे तो ठरलेला नवरा, इतका सपाट खलनायक आहे की शेवटच्या मारामारीला काही वजनच राहत नाही. आमच्या प्रिंटमध्ये ती मारामारी कुणी थोडी कापून टाकली असती तर मी आभार मानले असते.

तरी तोच छळणारा मुलगा नंतर एक गोष्ट करतो, आणि माझ्या मते हा पिक्चर टिकला तो तिच्यावर. सिमरनची आई, फरीदा जलाल, दागिन्यांचं बोचकं घेऊन येते. म्हणते, घेऊन जा हिला, पळून जा. हिंदी पिक्चरमध्ये इथं गाडी, घोडा, मोटरसायकल, काहीतरी तयार असतं. हा नाही म्हणतो. नेईन तर बापाच्या हातून. आता गंमत बघा. मुलीची आई स्वतः पळवून न्या म्हणतेय, म्हणजे पळून जाणं हा आता आज्ञाधारक रस्ता झाला, आणि थांबणं हे बंड. त्या जागी आमच्या थिएटरात इतकी शांतता व्हायची की मला माझ्या मशीनच्या आवाजाची लाज वाटायची.

तालुक्याच्या गावात हे काय असतं ते शहरात वाढलेल्याला सांगावं लागतं. आमच्या थिएटरच्या समोर एसटी स्टँड. रात्रीच्या शेवटच्या गाडीनं गेलेली जोडपी आम्ही बघितलेली आहेत, आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर येऊन बसलेले त्यांचे बापही बघितलेले आहेत. काही बाप पुढं वर्षानुवर्षं बाजारात मान खाली घालून फिरले. काही मुली परत कधीच घरी आल्या नाहीत. त्यामुळं हा पिक्चर बघायला पोरं आली तशी बापमाणसंही आली. ती अमरीश पुरीसाठी आली होती असं म्हटलं तरी चालेल. एवढा दणदणीत खलनायक, ‘मोगॅम्बो’वाला, आणि इथं त्याला आतून परदेशात हरवलेला, मुलगी हातातून जाईल म्हणून घाबरलेला माणूस करून ठेवलाय. त्यानं शेवटी हात सोडला तर आपणही सोडू शकतो, असं कुणाला वाटलं असेल का? माहीत नाही. एक मात्र पाहिलंय. सहाव्या आठवड्यात गावातला एक सराफ बायको-मुलीला घेऊन आला, आणि परत चार दिवसांनी मुलीलाच घेऊन आला. तिकीट मीच हातात दिलं. त्याच्याशी काही बोललो नाही, तो विषय आमच्या गावात बोलायचा नव्हता.

मराठा मंदिरचं आता, म्हणजे तुम्ही विचारलेल्या त्या तीस वर्षांच्या थिएटरचं. आमचा वितरक मुंबईत, लॅमिंग्टन रोडला नाझ सिनेमाच्या इमारतीत बसायचा. मुंबईतले बहुतेक वितरक तिथंच. मॅनेजर झाल्यावर हिशेबाला मला महिन्या-दोन महिन्यांनी जावं लागायचं. रात्रीची एसटी पहाटे मुंबई सेंट्रलला उतरवायची आणि ऑफिस उघडायचं दुपारी. मधले तास काढायचे कुठं? डेपोच्या समोर, चालत दोन मिनिटांवर मराठा मंदिर. 1958 सालचं थिएटर, ‘मुघल-ए-आझम’चा प्रीमियर 1960 ला इथंच झालेला. सकाळी साडेअकराच्या खेळाला ‘दिलवाले’. मी असा दहा-बारा वेळा तरी बसलो असेन. शेजारी कोण? माझ्यासारखेच. गाडी चुकलेले, गाडीची वाट बघणारे, हॉस्पिटलात कुणालातरी ठेवून आलेले, रात्रपाळी करून झोपायला आलेला वॉचमन, कोपऱ्यात कॉलेज बुडवलेली जोडपी, आणि वीस-पंचवीस रुपयांत तीन तास गार हवा. वर्तमानपत्रवाले लिहितात की लोक प्रेमासाठी येतात. काही येतातही. पण मुंबई सेंट्रलच्या त्या कोपऱ्यात रोज नव्यानं वाट बघणारी माणसं उतरतात, आणि त्यांना वाट बघण्यावरचा पिक्चर मिळतो, हा योग कुठल्याही मल्टिप्लेक्सला जमणार नाही. ‘शोले’ मिनर्व्हाला पाच वर्षांहून जास्त चालला, तोही विक्रम यानं मागं टाकला. डिसेंबर 2014 मध्ये हजार आठवडे झाले. फेब्रुवारी 2015 मध्ये बंद करतो म्हणाले, आणि लोकांनी एवढी ओरड केली की परत लावावा लागला.

तिथंही मी पडद्यापेक्षा पब्लिक ऐकायचो, सवय जात नाही. झोपलेला वॉचमन ‘पलट’च्या थोडं आधी जागा व्हायचा. दरवेळी वॉचमन वेगळा असायचा, पण जागा व्हायचा तिथंच.

शेवटची गाडी ज्या स्टेशनावर आहे ते पंजाबातलं नाही, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. ते आपल्या रायगडमधलं आपटा. कोकणात जाताना पनवेल सोडलं की थोड्याच वेळात लागतं. डब्यातलं एकजण तरी खिडकीतून बोट दाखवतंच. मी एकदा तिथून जाताना मुद्दाम दारात उभा राहिलो. फलाट बुटका, झाडं दाट. आमची गाडी तिथं थांबली नाही, वेगातच गेली. पिक्चरमधली मात्र इतकी हळू चालते की आमच्याकडची पोरं ओरडायची, ‘अगं, चालत गेलीस तरी चढशील!’ त्यांनाही ती हळूच हवी होती.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून, आठवणींची जादू असती तर ती तुमच्या वयाच्या प्रेक्षकांवर चालली नसती. मराठा मंदिरला बसलेली निम्मी पोरं पिक्चर आला तेव्हा जन्मलीही नव्हती.

तेव्हा मुंबईला जाणं झालं तर एकदा साडेअकराचा खेळ गाठा. अकराला पोचा, खिडकीवर घाई नसते. बाल्कनीत मधल्या रांगेत बसा. लंडनचं स्टेशन आलं की पडद्याकडं बघू नका, मान जरा मागं वळवा आणि मागच्या रांगांकडं बघा. तो ‘पलट’ म्हणायच्या आधीच सगळ्यांचे ओठ हलायला लागलेले असतात.